जलनागरिकत्व : स्वतंत्र नोंद, की पाणीपुरवठ्याच्या नोंदीतील एक उपविभाग?

नोंदवही (धागाकर्ती)

सर्वांना नमस्कार. मराठी विकिपीडियावर लिहिणारे आम्ही काही जण महिन्यातून एका रविवारी दादरच्या एका वाचनालयात जमतो आणि एकमेकांच्या धूळपाटीवरचे (म्हणजे सरावाच्या पानांवरचे) कच्चे लेख वाचून त्यांवर बोलतो. गेल्या रविवारी एकाच लेखावर दोन तास गेले, तरी निर्णय झाला नाही. म्हणून तो प्रश्न येथे सविस्तर मांडते. येथे कोशकार्य जवळून पाहिलेली, पाणीखात्यात नोकरी केलेली आणि महाविद्यालयात शिकवणारी मंडळी आहेत, हे त्यामागचे कारण आहे.

लेखाचा विषय ‘हायड्रॉलिक सिटिझनशिप’ ही मानवशास्त्रातील संकल्पना आहे; आम्ही तिला ‘जलनागरिकत्व’ म्हटले. निखिल आनंद या अभ्यासकांनी मुंबईच्या वस्त्यांमधील पाण्याचा अभ्यास करून ती मांडली. २०११ मध्ये ‘कल्चरल अँथ्रोपॉलॉजी’ या नियतकालिकातील लेखात ती आली आणि २०१७ च्या ‘हायड्रॉलिक सिटी’ या पुस्तकात तिचा विस्तार झाला. मला ती समजली ती अशी : वस्तीतील माणसाचे नागरिकत्व एखाद्या कागदाने एकदाच मिळून कायमचे होत नाही, तर नळजोडणी, पाण्याचा दाब, पाणी येण्याची वेळ, पाणीपट्टीचे बिल, नगरसेवकाचे पत्र आणि प्लंबरची ओळख यांतून ते हळूहळू उभे राहते, आणि दाब कमी झाला की तेही डळमळते, म्हणून ते पुन्हा पुन्हा सांभाळावे लागते.

संकल्पना मोलाची आहे, याबद्दल आमच्यात दुमत नव्हते. प्रश्न एवढाच आहे की तिच्यासाठी वेगळे पान असावे, की ‘मुंबईचा पाणीपुरवठा’ या पानात एक उपविभाग करून शीर्षक तेथे पुनर्निर्देशित करावे, म्हणजे ते शोधणारा आपोआप तेथे पोहोचेल. माझा कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे. परंतु तो कल योग्य निकषावर उभा आहे, की नव्या गोष्टीबद्दलच्या संकोचातून आला आहे, हे मला तपासून घ्यायचे आहे.

प्रभादेवीकर

ताई, प्रश्न नेमका मांडलात. कोशात काय घ्यावे यापेक्षा काय वेगळे घ्यावे, हा निर्णय नेहमीच अधिक अवघड असतो. केतकरांच्या ज्ञानकोशाचे तेवीस खंड घ्या किंवा तर्कतीर्थांच्या संपादनाखाली सुरू झालेला विश्वकोश घ्या, छापील कोशात पानांची मर्यादा हीच एक चाळणी होती. एखादी संकल्पना स्वतंत्र नोंदीच्या योग्यतेची नसली, तर ती मोठ्या नोंदीच्या पोटात जात असे आणि वाचकाला ‘पहा’ म्हणून तिकडे पाठवले जात असे. जालावर पानांची टंचाई नाही, म्हणून चाळणीही नको असे अनेकांना वाटते, आणि नेमके तेथेच चुकते. टंचाई कागदाची नसली, तरी पडताळणी करणाऱ्या माणसांची आहे. ज्या पानाकडे लेखकाशिवाय दुसरे कोणी पाहत नाही, त्या पानावरील चूक वर्षानुवर्षे तशीच राहते.

निकष म्हणाल, तर मी एकच वापरतो. एखादी संज्ञा वापरणारे लेखन वेगळे आणि त्या संज्ञेविषयी असलेले लेखन वेगळे. कोणी आपल्या निबंधात जाता जाता ‘ज्याला अमुक अभ्यासक हायड्रॉलिक सिटिझनशिप म्हणतात’ असे लिहून कंसात वर्ष दिले, तर तो वापर झाला. असे पन्नास वापर गोळा केले, तरी त्यांतून नोंदीचा मजकूर तयार होत नाही, कारण त्यांत त्या संकल्पनेबद्दल सांगितलेले काहीच नसते. याउलट, मूळ अभ्यासकाशी संबंध नसलेल्या कोणी दोन पाने खर्चून ती तपासली असेल, ती कोठे लागू पडते आणि कोठे तोकडी पडते हे सांगितले असेल, तर तेवढ्यावर नोंदीचा अर्धा भाग उभा राहतो.

पहाटपाणी

ज्या कच्च्या लेखावर ही चर्चा चालू आहे, तो मी लिहिला आहे. माझी बाजू थोडी विस्ताराने मांडते.

मी घाटकोपरच्या डोंगरावरील वस्तीत वाढले. आमच्याकडे पाणी पहाटे साडेचारला येत असे आणि पावणेसहाला जात असे. खालच्या गल्लीत मोटारी लागल्या की वरच्या घरांची धार करंगळीएवढी होई. त्यामुळे आई कळशी नळाखाली न ठेवता आधी पातेले ठेवत असे, कारण बारीक धार कळशीच्या तोंडात नीट पडत नसे. पाण्याची बिले ती पिठाच्या डब्यामागे एका प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवत असे. ती बिले पैशाच्या हिशोबासाठी नव्हती. शाळेचा दाखला, शिधापत्रिका, बँकेचे खाते, काहीही करायचे झाले की ती पिशवी बाहेर निघे, कारण आम्ही येथे राहतो हे महापालिकेनेच लिहून दिलेला तो एकमेव कागद होता. पुढे महाविद्यालयात ही संकल्पना वाचली, तेव्हा आईच्या त्या पिशवीला कोणीतरी नाव दिले आहे असे मला वाटले.

आता पुराव्याबद्दल. १ जानेवारी १९९५ नंतरच्या झोपड्यांना पाणी नाकारण्याचे धोरण, त्याविरुद्ध पाणी हक्क समितीने केलेली याचिका, आणि डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने संविधानाच्या अनुच्छेद २१ चा आधार घेऊन, वस्ती अनधिकृत आहे एवढ्या कारणावरून पाणी नाकारता येणार नाही, असा दिलेला निकाल, हे सर्व माझ्या लेखात आहे. एवढा आधार असताना ही संकल्पना दुसऱ्या पानाच्या पोटात का घालावी, हे मला पटत नाही. आमच्यासारख्यांच्या जगण्याविषयीची संकल्पना आली की तीच नेमकी उपविभाग होते, असे मला वाटते, आणि ते मी स्पष्टपणे लिहिते.

नोंदवही (धागाकर्ती)

तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. शेवटच्या वाक्यातील वेदना खरी आहे आणि तिला बगल देऊन पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. मराठी कोशवाङ्मयात राजे, संत आणि किल्ले यांना जेवढी जागा मिळाली, तेवढी नळाला आणि मोरीला मिळालेली नाही.

तरीही एक भेद आपण सांभाळला पाहिजे. २०१४ चा निकाल हा मुंबईतील पाण्याच्या हक्काविषयीचा सबळ पुरावा आहे. परंतु तो या संकल्पनेविषयीचा पुरावा नाही. न्यायालयाने तो निकाल जगण्याच्या हक्कावर उभारला, या संज्ञेवर नव्हे. आपण निकाल आणि संज्ञा एकाच परिच्छेदात शेजारी ठेवल्या, की वाचकाला वाटते न्यायालयाने संकल्पनेला मान्यता दिली. ते अनुमान आपले असते, कोणत्याही संदर्भाचे नसते. १९९५ च्या कटऑफबद्दलही हेच म्हणावे लागेल. तुमच्या लेखात एकूण चौदा परिच्छेद आहेत. त्यांतील मुंबईच्या पाण्याबद्दलचे परिच्छेद बाजूला काढल्यावर संकल्पनेबद्दल तीनच उरतात, आणि तिन्हींचा आधार निखिल आनंद यांचे स्वतःचे लेखन आहे. उरलेले अकरा परिच्छेद उत्तम आहेत, परंतु ते ज्या पानावर हवेत त्या पानावर आज नाहीत.

अशीच चूक मी स्वतः केली आहे, म्हणून ती मला लगेच दिसली. माझ्या प्रबंधाच्या मार्गदर्शकांनी एक संज्ञा घडवली होती. मी तिच्यावर मोठ्या उत्साहाने पान लिहिले. नऊ संदर्भ दिले होते, त्यांपैकी सहा त्यांचेच होते, दोन त्यांच्या विद्यार्थ्यांचे होते आणि एक माझा होता. पान काढण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा मी रागाने भांडले. ती संज्ञा आमच्या विभागाबाहेर कोणीही उचलली नव्हती, हे मान्य करायला मला वर्ष लागले.

त्रैराशिक

मी डोंबिवलीत गणित शिकवते. विषय समाजशास्त्राचा असला, तरी आमच्या विषयातील एक उदाहरण येथे उपयोगी पडेल असे वाटते.

देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी १९४९ मध्ये मद्रास येथील गणित परिषदेत ६१७४ या संख्येचा गुणधर्म मांडला. सर्व अंक सारखे नसतील अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्या. तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून मोठ्या संख्येतून लहान वजा करा, आणि हेच पुन्हा पुन्हा करत राहा. ३५२४ घेतली तर ५४३२ मधून २३४५ वजा जाता ३०८७. मग ८७३० मधून ०३७८ वजा जाता ८३५२. मग ८५३२ मधून २३५८ वजा जाता ६१७४. आणि पुढे ७६४१ मधून १४६७ वजा केले तरी ६१७४ च. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत आपण तेथे पोहोचतो. कापरेकरांच्या बऱ्याच पुस्तिका त्यांनी स्वतःच छापलेल्या होत्या आणि त्या काळी अनेकांनी त्यांच्याकडे गांभीर्याने पाहिले नाही. १९७५ मध्ये गणितातील गमतींवर लिहिणारे अमेरिकन लेखक मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मधील सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि त्यानंतर जगभर लोक त्या संख्येवर काम करू लागले. गुणधर्म १९४९ मध्ये जेवढा खरा होता तेवढाच १९७५ मध्येही होता. तरी कोशकाराला वेगळी नोंद लिहिता येईल अशी सामग्री मधल्या सव्वीस वर्षांनंतर तयार झाली.

दुसरे उदाहरण आमच्या गावचे आहे. कापरेकरांनी १, १२१, १२३२१ अशा संख्यांना ‘डेम्लो संख्या’ म्हटले. त्या काळच्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेवरील डेम्लो स्थानकावर, म्हणजे आजच्या डोंबिवलीला, त्यांना ती कल्पना सुचली होती. डोंबिवलीकर म्हणून या संख्यांचे वेगळे पान असावे असे मला मनापासून वाटते. परंतु लिहायला बसले की ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१ आणि स्थानकाची आठवण, एवढ्यावर मजकूर संपतो. तो कापरेकरांच्या नोंदीत शोभतो. वेगळा काढला की तो उघडा पडतो.

सूक्ष्मदर्शी

मी रक्तपेढीत काम करतो. प्रभादेवीकर काकांच्या निकषाला माझा विरोध नाही, पण त्यात वाचकाची गरज कोठेच दिसत नाही.

‘बॉम्बे रक्तगट’ घ्या. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तो प्रथम नोंदवला. या माणसांच्या तांबड्या पेशींवर एच प्रतिजन (बहुतेक सर्वांच्या पेशींवर असणारा एक ओळखीचा घटक) नसतो, त्यामुळे नेहमीच्या चाचणीत त्यांचे रक्त ओ गटाचे दिसते. परंतु त्यांना ओ गटाचे रक्त दिले तर जिवावर बेतू शकते, कारण त्यांच्या रक्तद्रवात एच विरुद्धची प्रतिपिंडे, म्हणजे त्या घटकावर हल्ला करणारी प्रथिने, असतात. नातेवाईक रात्री दोन वाजता मोबाइलवर हे नाव शोधतात. त्यांना ‘रक्तगट’ या लांबलचक पानाच्या मध्यावर कोठेतरी सोडून देणे मला योग्य वाटत नाही. मुंबईतील वस्तीत काम करणारा एखादा कार्यकर्ताही ‘जलनागरिकत्व’ असाच शोध घेईल.

प्रभादेवीकर

डॉक्टर, आपले म्हणणे रास्त आहे. मात्र त्या रक्तगटाला वेगळे पान शोभते ते गरजेबरोबरच आणखी एका कारणाने. त्याची रासायनिक बाजू, आनुवंशिक कारण आणि रक्तसंक्रमणातील काळजी यांवर मूळ संशोधकांखेरीज इतरांनी भरपूर लिहिले आहे. गरज आणि सामग्री दोन्ही तेथे आहेत. जेथे गरज आहे पण सामग्री अपुरी आहे, तेथे पुनर्निर्देशन वाचकाला पानाच्या माथ्यावर न सोडता थेट त्या उपविभागावर नेऊ शकते. म्हणजे शोधणाऱ्याला मिळते आणि कोशाला खोटा आव आणावा लागत नाही.

कलिनाकर

समाजशास्त्र शिकवतो म्हणून एक गोष्ट जोडतो. रक्तगटाची पडताळणी दुसऱ्या प्रयोगशाळेत होते. आमच्या विषयातील संकल्पनेची पडताळणी वादाने होते. हा फरक ध्यानात घेतला नाही, तर आपण समाजशास्त्राकडून भलताच पुरावा मागत राहू.

मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाचेच पाहा. १९१९ मध्ये तो सुरू करणाऱ्या पॅट्रिक गेडिस यांनी त्याआधी चार वर्षे, १९१५ मध्ये, एकमेकांत मिसळत जाणाऱ्या शहरांसाठी ‘कॉनर्बेशन’ हा शब्द घडवला होता. तो शब्द पुढे नगररचनाकारांच्या रोजच्या वापरात गेला. समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली याच विभागात शिकलेल्या एम. एन. श्रीनिवास यांनी कूर्गविषयीच्या १९५२ च्या ग्रंथात ‘संस्कृतीकरण’, म्हणजे खालच्या मानलेल्या जातींनी वरच्या जातींच्या चालीरीती उचलणे, ही संकल्पना मांडली. तिच्यावर टीका झाली. १९६३ मध्ये संस्कृतचे अभ्यासक फ्रिट्स स्टाल यांनी, ज्या प्रक्रियेला हे नाव दिले आहे तिच्याशी संस्कृतचा संबंध खरोखर किती, असा प्रश्न लावून धरला. श्रीनिवास यांनी स्वतःही आपली व्याख्या पुढे बदलली. अनुकरण केवळ ब्राह्मणांचे होते असे नाही, गावात वर्चस्व असलेल्या प्रभुत्वशाली जातीचेही होते, हे त्यांनी मान्य केले. या वादामुळे संकल्पना दुबळी झाली नाही. वाद होता म्हणूनच तिच्यावर नोंद लिहिता येते, कारण नोंदीत व्याख्या, दुरुस्ती आणि आक्षेप असे तिन्ही सांगण्यासारखे आहे.

मान्यता मिळालीच पाहिजे असेही नाही. पॉल क्रुटझेन आणि यूजीन स्टोर्मर यांनी २००० मध्ये पुढे आणलेला ‘अँथ्रोपोसीन’ (पृथ्वीवर माणसाचा ठसा उमटलेला) हा कालखंड औपचारिक भूशास्त्रीय कालगणनेत घेण्याचा प्रस्ताव मार्च २०२४ मध्ये फेटाळला गेला. तरीही त्याची नोंद कोणी काढणार नाही, कारण त्यावर झालेला वाद हाच मोठा विषय आहे.

म्हणून पहाटपाणी यांना माझे सांगणे असे की आनंद यांची बाजू घेणारे संदर्भ शोधण्याआधी त्यांच्याशी वाद घालणारे संदर्भ शोधा. पुस्तकाची परीक्षणे वाचा आणि त्यांतील ‘पुस्तक चांगले आहे’ ही वाक्ये सोडून संकल्पनेवर बोट ठेवणारी वाक्ये टिपून ठेवा.

भातसा

मी जलखात्यातून निवृत्त झालो. संकल्पनेवर बोलण्याचा माझा अधिकार नाही, पण ज्या पानात हा उपविभाग घालायचे म्हणता, ते पान मी काल उघडून पाहिले आणि मला वाईट वाटले. विहार, तुळशी, तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, भातसा आणि मध्य वैतरणा, ही सात नावे दिली आहेत आणि त्यानंतर पान जवळजवळ संपते. पाणी धरणातून निघते आणि घरात येते, एवढेच त्यात कळते. मधला चावीवाला कोठेच नाही. मुंबईत सर्वांना एकाच वेळी पाणी मिळत नाही. विभागवार वेळा ठरलेल्या असतात आणि आमची माणसे रस्त्यातील झाकण उचलून, लांब दांड्याची चावी घालून, आटे मोजत झडप उघडतात आणि बंद करतात. किती आटे फिरवले यावर टेकडीवरच्या शेवटच्या घरात धार पोहोचते की नाही हे ठरते. या ताईंनी पातेल्याची जी गोष्ट लिहिली आहे, ती आमच्या बाजूने अशी दिसते.

हे आधी त्या पानात यायला हवे. ते आले नाही, तर दाब म्हणजे काय हे वाचकाला कळणार नाही, आणि मग त्या दाबावर उभी राहिलेली संकल्पनाही कळणार नाही.

नोंदवही (धागाकर्ती)

भातसा काकांच्या प्रतिसादामुळे माझ्या मनातील एक अडचण सुटली. उपविभागात घालणे म्हणजे खालच्या पायरीवर बसवणे, असा जो अर्थ पहाटपाणी यांना लागला, तो मूळ पान दुबळे असल्यामुळे खराच ठरला असता. पान भरले, तर संकल्पना तेथे आपल्या योग्य जागी येते.

आता नावाबद्दल. ‘जलनागरिकत्व’ हा शब्द आपण दादरच्या टेबलावर घडवला आहे. शब्द घडवणे वाईट नाही; विश्वकोशानेही पहिला खंड १९७६ मध्ये काढण्याआधी, १९७३ मध्ये, परिभाषासंग्रह प्रसिद्ध केला होता. परंतु ते काम विषयतज्ज्ञांना सोबत घेऊन झाले होते. आपण घडवलेला शब्द शीर्षकात बसवला, तर वर्षभरात तो विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकेत जाईल, तेथून एखाद्या लेखात जाईल, आणि मग त्याच लेखाचा संदर्भ आपण आपल्या पानाला लावू. ते वर्तुळ मला भयावह वाटते. शिवाय हा शब्द मला अपुराही वाटतो. ‘हायड्रॉलिक’ मध्ये दाबाखालचे पाणी आहे आणि आनंद यांच्या २०११ च्या लेखाच्या शीर्षकाची सुरुवातच ‘प्रेशर’ या शब्दाने होते. अधिकाऱ्यावर आणायचा दबाव आणि नळातील दाब, हे दोन्ही त्यात एकत्र येतात. मराठीत हे दोन्ही शब्द एकाच धातूचे आहेत, आणि ‘जल’ म्हटले की नेमके तेच निसटते.

म्हणून माझा प्रस्ताव असा. उपविभागाचे शीर्षक देवनागरीत ‘हायड्रॉलिक सिटिझनशिप’ असेच ठेवावे आणि अर्थ पहिल्या वाक्यात मराठीत उलगडावा. याच शीर्षकाचे पुनर्निर्देशन थेट उपविभागावर करावे. पहाटपाणी यांचा कच्चा लेख धूळपाटीवर राहू द्यावा, आणि मूळ अभ्यासकाशी संबंध नसलेल्या दोन अभ्यासकांचे, संकल्पनेचीच चिकित्सा करणारे लेखन चर्चा पानावर मांडले गेले की तो मुख्य नामविश्वात, म्हणजे विकिपीडियाच्या प्रत्यक्ष लेखांत, हलवावा. त्या वेळी नव्याने कौल घेण्याची गरज नसावी.

पहाटपाणी

प्रस्ताव मला मान्य आहे. कलिनाकर सरांनी सांगितल्याप्रमाणे परीक्षणे काढून वाचायला घेतली आहेत. काल रात्री उपविभागाची सुरुवात नव्याने लिहिली, ती अशी :

‘मानवशास्त्रज्ञ निखिल आनंद यांच्या मते मुंबईच्या वस्त्यांमधील रहिवाशांना महापालिकेकडून मिळणारी ओळख नळजोडणी, पाणीपट्टीचे बिल आणि पाण्याचा दाब यांच्याशी बांधलेली असते, पाणीपुरवठा जसा कमीजास्त होतो, तशी ही ओळखही बळकट किंवा क्षीण होते. या अवस्थेला त्यांनी हायड्रॉलिक सिटिझनशिप असे म्हटले आहे.’

निकालाचा परिच्छेद मी येथून काढून ‘पाण्याचा हक्क आणि न्यायालय’ असा वेगळा उपविभाग केला आहे आणि त्यात या संज्ञेचा उल्लेख ठेवलेला नाही. बिलांच्या पिशवीबद्दल अर्थातच काही लिहिलेले नाही. भातसा काका, झडपांचा भाग आपण सांगावा आणि मी तो उतरवून घ्यावा अशी माझी विनंती आहे. त्यासाठी छापील आधार लागेल. महापालिकेची जुनी प्रकाशने आपल्याकडे असतील तर येत्या रविवारी सोबत आणाल का?

प्रभादेवीकर

सुरुवात चांगली झाली आहे. ‘यांच्या मते’ हे शब्द पुढे कोणी संपादनात काढू लागले तर काढू देऊ नका. ‘क्षीण’ ऐवजी ‘कमकुवत’ केलेत तर अधिक बरे वाटेल.

भातसा

दोन पुस्तिका आणि वितरण विभागाचा एक जुना छापील नकाशा आहे. रविवारी घेऊन येतो.